डावीकडून

वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराला सर्वाधिक दूरध्वनी कशाबद्दल येतात, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे : राहून गेलेल्या नावाबद्दल. अलीकडेच एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेचे छायाचित्र आमच्या आतल्या पानावर आले. व्यासपीठावर चौदा माणसे, मध्यभागी शाल-श्रीफळ स्वीकारणारे सत्कारमूर्ती, मागे संस्थापकांचे चित्र असलेला फ्लेक्स. खाली फोटोओळ : 'डावीकडून' आणि पुढे तेरा नावे. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी चौदाव्या गृहस्थांचा फोन आला. ते रागावलेले नव्हते, दुखावलेले होते. "मी दिसतोय हो त्यात, पण मी कोण ते कुठं लिहिलंय?" असे त्यांनी विचारले. मी सवयीने दिलगिरी व्यक्त केली. एवढ्या वर्षांत ती इतक्यांदा व्यक्त केली आहे की आता झोपेतही बिनचूक येईल.

सांगलीत वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम करू लागलो त्याला पाव शतक उलटून गेले. रोल गेले, डार्करूमचा लाल दिवा गेला, आता तर बातमीदारच मोबाइलवर छायाचित्र काढून पाठवतो आणि माझ्यासारख्यांची गरज महिन्यातून मोजक्या दिवशी भासते. या सगळ्या पडझडीत 'डावीकडून' हा शब्द मात्र टिकून राहिला. नव्याने या कामात येणाऱ्या मुलांना मी पहिली गोष्ट तीच शिकवतो. नावे आधी लिहून घ्या, कारण कार्यक्रम संपला की माणसे जेवणाकडे जातात. वहीत माणसांइतक्या उभ्या रेघा मारा, प्रत्येक रेघेखाली नाव लिहा. बसलेल्यांची ओळ वेगळी, उभ्यांची वेगळी.

ही शिस्त मी सत्कारसमारंभांसाठी कसोशीने पाळली. पूर, दुष्काळ, अपघात, मोर्चे यांच्या छायाचित्रांसाठी ती कधी पाळली नाही. तिथे माझ्या फोटोओळीत 'पूरग्रस्त महिला' असते, 'चिंताग्रस्त शेतकरी' असतो, 'आक्रोश करणारे नातेवाईक' असतात. त्यांचा सकाळी सात वाजता कधी फोन आलेला नाही. हा भेद माझा मला उमगला असे सांगता आले असते तर बरे वाटले असते. पण तो मला एका बाईंनी दाखवून दिला, तोही फार शांतपणे. त्यांच्याविषयी लिहायचे आहे. त्याआधी थोडे आमच्या धंद्याच्या रीतीविषयी.

*

साहित्याच्या अभ्यासकांना कविसंकेत नवे नाहीत. चकोर चांदणे पितो, चातक पावसाच्या थेंबाची वाट पाहत तहानलेला राहतो, हंस दुधातून पाणी वेगळे करतो. हे कोणी डोळ्यांनी पाहिलेले नसते, तरी कवितेत ते खरे असते आणि रसिकाला ते तसेच हवे असते. वृत्तपत्रीय छायाचित्रांचेही असे संकेत आहेत. ते कोणत्याही ग्रंथात नोंदलेले नाहीत इतकेच. मार्चमध्ये रस्त्याकडेला मांडलेले माठ. एप्रिलमध्ये भेगाळलेली जमीन आणि डोक्यावर घागर घेतलेल्या बायकांची रांग. जूनच्या पहिल्या सरीत उलटी झालेली छत्री सावरणारी महाविद्यालयीन मुलगी. निकालाच्या दिवशी एकाच वेळी उड्या मारणाऱ्या चार मुली (मुलगे उड्या मारत नाहीत, निदान आमच्या पानांवर तरी नाही). आषाढीला विठ्ठलाच्या वेषातले लहान मूल. दिवाळीत पणतीच्या उजेडात उजळलेला चेहरा. उपसंपादक "पावसाचा एक फोटो दे" म्हणतो तेव्हा त्याला पाऊस नको असतो, ती छत्री हवी असते. आणि मलाही ते न सांगता कळते.

हे संकेत आम्हीच पाळतो असेही नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. ११ तारखेला पहिली गाडी निघाली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. जिल्ह्यातले झाडून सगळे छायाचित्रकार मिरज जंक्शनवर होतो. दोन-तीन दिवसांनी, 'आपल्या जिल्ह्यातल्याही दुष्काळाचे काही आण' असे फर्मान निघाले म्हणून मी जत तालुक्यात गेलो. एका कोरड्या पाझर तलावाच्या पात्रात एक शेतकरी भेटला. मी कॅमेरा काढताच तो आपणहून भेगाळलेल्या मातीवर उकिडवा बसला आणि म्हणाला, "हात कपाळाला लावू का, सायेब? मागं एक आलते, त्यांनी लावाय सांगितलं हुतं."

मी "लावा" म्हणालो.

ते छायाचित्र चार कॉलमांत आले. चांगले होते. त्या माणसाची चिंता खोटी होती असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्याची दोन जनावरे त्याने आदल्याच आठवड्यात विकली होती, हे त्याने नंतर चहा पिताना सांगितले. पण ते सांगताना त्याचा हात कपाळावर नव्हता. तो सरळ समोर बघत, अगदी हिशेब सांगावा तशा सुरात बोलत होता, आणि माझा कॅमेरा तेव्हा पिशवीत होता. ज्या क्षणी त्याचे दुःख त्याचे स्वतःचे होते तो क्षण मला छायाचित्राजोगा वाटला नाही. त्याचे नाव मी विचारले नाही. गावाचे नाव तेवढे लिहून घेतले, कारण बातमीत गाव लागते.

*

नावाचा प्रश्न मात्र वाटतो तितका एकेरी नाही, हे मला मिरजेत कळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून सतारमेकर गल्लीत कॅमेऱ्यांची ये-जा वाढली. मूळचे शस्त्रांना धार लावणारे शिकलगार, एकोणिसाव्या शतकात संस्थानी काळात वाद्यांकडे वळले आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच करत राहिले, ही कथा आता बहुतेकांना ठाऊक झाली आहे. मलाही पुरवणीच्या लेखासाठी छायाचित्रे आणायला सांगितले होते. हवे होते ते उघडच होते : रांगेने टांगलेले तंबोरे, त्यांच्यामध्ये हातात सतार घेतलेले दुकानाचे मालक. ते मी काढले.

मागे, दुकानाच्या कोपऱ्यात, साठीच्या पुढचे एक कारागीर तंबोऱ्याची घोडी कानशीने घासत होते. दोन-चार वेळा घासायचे, तार छेडायची, मान कलती करून ऐकायचे, पुन्हा घासायचे. जवारी काढण्याचे काम ते. घोडीचा पृष्ठभाग केसभराने बदलला की तारेचा नाद उमलतो किंवा मिटतो. मी तासभर तिथे होतो. त्या तासात तंबोऱ्याच्या आवाजात झालेला बदल माझ्यासारख्या संगीतातले फारसे न कळणाऱ्यालाही ऐकू आला. कॅमेऱ्यात मात्र पहिले आणि शेवटचे छायाचित्र हुबेहूब सारखे आहे. एक वाकलेला म्हातारा, एक कानस.

निघताना मी म्हटले, "चाचा, तुमचं नाव सांगा. तुमचाही फोटो देतो." ते हसले. "राहू द्या साहेब. आमचं नाव वाद्यावरपण नसतं. वाजायला लागलं की कळतं कळणाऱ्याला, जवारी कुणाची ते."

परतीच्या वाटेवर हे वाक्य माझ्याबरोबर होते. माझ्या प्रत्येक छायाचित्राखाली, अगदी बारीक टायपात का होईना, माझे नाव असते. ते आले नाही तर मी स्वतः डेस्कवर जाऊन भांडलो आहे. पाव शतकात एकही सकाळ अशी गेली नसेल की पान उघडल्यावर मी आधी ते बारीक नाव शोधले नाही. चौदाव्या गृहस्थांना मी मनातल्या मनात हसलो होतो, पण तो चौदावा गृहस्थ माझ्यातही आहे. मिरजेचा तो कारागीर नावावाचून राहू शकतो कारण त्याचे काम त्याला ओळखते. माझ्या चौकटीत आलेल्या माणसांना मी हाही पर्याय ठेवलेला नव्हता. त्यांच्याकडे नाव नव्हते, आणि दिसत होते ते कामही त्यांचे नव्हते, माझे होते.

*

त्या बाई गेल्या हिवाळ्यात कार्यालयात आल्या. वय पस्तिशीच्या आसपास. त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटातून वर्तमानपत्राचे एक घडी केलेले कात्रण काढून टेबलावर ठेवले. घडीवर कागद विरला होता.

"काका, हा फोटो तुम्हीच काढलाय ना? खाली नाव आहे तुमचं."

ऑगस्ट २०१९. सांगलीकरांना त्यापुढे काही सांगावे लागत नाही, इतरांसाठी सांगतो. आमच्याकडे कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाच्या खांबावर मोजतात. १९२९ सालचा हा पूल शहराची फूटपट्टी आहे. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते आणि त्याहून अधिक काही होणार नाही अशी सगळ्यांची समजूत होती. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ येथे बोट उलटून माणसे बुडाली. शहरात गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, सगळे पाण्याखाली. आम्ही दिवसभर बोटीतून फिरत होतो आणि रात्री कोरड्या भागातल्या कोणाच्या तरी घरातून छायाचित्रे पाठवत होतो.

कात्रणातले छायाचित्र त्या दिवसांतले होते. एका घराची पहिल्या मजल्यावरची गॅलरी, पाणी कठड्याला टेकलेले, गॅलरीत पाच माणसे. डावीकडून दुसऱ्या माणसाचा हात वर उचललेला, तळवा उघडा, तोंड उघडे, नजर आकाशाकडे. खाली ओळ : 'मदतीची याचना : गावभागात अन्नाच्या पाकिटांसाठी धडपडणारे पूरग्रस्त.'

"डावीकडून दुसरे," बाई म्हणाल्या, "ते माझे वडील."

त्यांचे गावभागात शिलाईचे लहानसे दुकान होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. पुराने दोन शिलाई यंत्रे आणि गिऱ्हाइकांची कापडे गेली. मास्तरांनी कापडांचे पैसे पुढच्या दोन वर्षांत एकेकाला फेडले. त्याविषयी त्या फार बोलल्या नाहीत. त्या छायाचित्राविषयी बोलल्या.

"ते मागत नव्हते, काका. बोटीतून पाकिटं आली की ते गच्चीवर पोचवत होते. वर शेजारची दोन म्हातारी माणसं होती, त्यांना खाली उतरता येत नव्हतं. घरी त्यांनी हे शंभरदा सांगितलं. पण फोटो पेपरात होता, आणि ते नुसतं सांगत होते."

पुण्याच्या नातेवाइकांचे हळहळणारे फोन आले. पाणी ओसरल्यावर दुकान धुऊन पुन्हा उघडले तेव्हा एका गिऱ्हाइकाने सहज थट्टेत विचारले, "काय मास्तर, पाकीट मिळालं का मग?" मास्तर हसले. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर दुकान बंद होते. तब्येत ठीक नाही, असे त्यांनी घरी सांगितले.

गेल्या वर्षी ते वारले. त्यानंतर कपाट आवरताना हे कात्रण त्यांच्याच कागदपत्रांत सापडले. ज्या छायाचित्राचा त्यांना एवढा त्रास झाला ते त्यांनी जपून का ठेवले होते, हे त्यांच्या मुलीला ठाऊक नव्हते आणि मला ते विचारण्याचा अधिकार नव्हता. घरचे अल्बम पुरात गेले होते. ओले झालेले फोटो एकमेकांना चिकटतात. सोडवायला गेले की वरचा थर निघून हाती पांढरा कागद उरतो. पूर ओसरल्यावर गच्च्यांवर वाळत घातलेल्या अल्बमांची छायाचित्रे मीच काढली होती, तीही छापून आली होती. शहरातल्या कित्येक स्टुडिओंच्या निगेटिव्हही चिखलात गेल्या. तेव्हा मास्तरांची आधारकार्डावरची तसबीर सोडली तर उरलेले छायाचित्र हे एवढेच.

"मूळ फोटो असेल का तुमच्याकडे? मोठा करता येईल असा?" एवढेच विचारायला त्या आल्या होत्या.

*

मी जुनी हार्ड डिस्क लावली. त्या गॅलरीची अकरा छायाचित्रे निघाली. सगळी मिळून दोन मिनिटांच्या आतली. छापलेले छायाचित्र चौथे होते. ते मूळ रूपात मी सहा वर्षांत प्रथमच पाहत होतो.

छापलेल्यापेक्षा ते वरच्या बाजूने मोठे होते. वरच्या कडेला, गच्चीच्या कठड्यावरून, एक सुरकुतलेला हात खाली आलेला होता. पूर्ण नव्हे, मनगटापर्यंतच. आणि त्या हातात पाकीट होते. मास्तरांनी ते नुकतेच वर दिले होते. त्यांचा तळवा म्हणून उघडा होता, आणि तोंड उघडे होते ते वरच्या माणसाला 'धरलं का?' असे काहीतरी विचारण्यासाठी. पाचव्या छायाचित्रात ते पाकीट आणखी वर गेलेले आहे आणि मास्तर पुढचे घ्यायला बोटीकडे वळले आहेत.

तो हात मीच कापला होता. मला ते लख्ख आठवले. रात्री अकरा वाजता, दुसऱ्याच्या घरात, इन्व्हर्टरच्या उजेडात बसून मी ते छायाचित्र निवडले आणि वरची कड छाटली, कारण तिथे एक अर्धवट हात आला होता आणि तो रचनेत खटकत होता. तो गेल्यावर मास्तरांच्या बोटांपुढे नुसते राखी आकाश उरले. फार सुंदर दिसले ते. 'मदतीची याचना' ही ओळही मीच लिहून पाठवली. डेस्कवर कोणी काही बदलले नाही. दोष वाटून घ्यायला दुसरे कोणी नाही.

रोलाँ बार्थने १९६४ मधील एका निबंधात म्हटले आहे की चित्राला अनेक अर्थ असतात आणि त्याखालचा मजकूर त्यांतल्या एकाला नांगर टाकून बांधून घालतो. हे मी फार उशिरा वाचले, एका प्राध्यापक मित्राने हातात दिले म्हणून. वाचताना मला कृष्णेतल्या बोटी आठवल्या. नांगर टाकणारा माणूस बोटीत बसलेला असतो. ज्याच्या दारात तो पडतो त्याला कोणी विचारत नाही.

बाईंनी अकराही छायाचित्रे पाहिली. चौथे आणि पाचवे त्यांनी पुन्हा पुन्हा मागेपुढे करायला लावले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले असावे. मी पडद्याकडेच पाहत राहिलो. मग त्या पुढे गेल्या. नवव्या छायाचित्रात मास्तरांनी एक पाकीट फोडले आहे. दहाव्यात ते भिंतीला टेकून उभे आहेत, चष्म्यावर थेंब, हातात अर्धी चपाती, आणि ते थेट माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे, पाहत आहेत.

"हा द्या," त्या म्हणाल्या.

मला वाटले, त्यांनी नीट पाहिले नसावे. मी पाचवे सुचवले. त्यात ते देताना दिसतात, असे म्हणालो. खरे तर मला ते पाचवे माझ्यासाठीच हवे होते.

"तो पण द्या. पण मोठा हा करा. ह्यात चेहरा आहे."

"ह्यात ते खातायत," मी म्हणालो.

"भुकेले होते, काका. दोन दिवस जेवले नव्हते. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. पुरात सगळेच खात होते." जरा थांबून त्या म्हणाल्या, "राग होता तो त्या शब्दाचा."

*

छायाचित्रणाच्या इतिहासात या गोष्टीची थोरली रूपे आहेत. १९३६ साली अमेरिकेत, मंदीच्या काळात, डोरोथिया लँगने मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका ३२ वर्षांच्या आईचे छायाचित्र घेतले. 'मायग्रंट मदर' या नावाने ते जगभर गेले. आपण तिचे नाव विचारले नव्हते, हे लँगने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. ते नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, जगाला कळायला १९७८ साल उजाडावे लागले, आणि तेव्हा असेही कळले की ज्या चेहऱ्याकडे सगळे गोऱ्या अमेरिकेच्या दारिद्र्याचे प्रतीक म्हणून पाहत होते ती स्त्री चेरोकी वंशाची होती. आपले छायाचित्र काढले गेले याची तिला खंत होती. आपल्याकडे भोपाळच्या १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर मातीत पुरल्या जाणाऱ्या एका बालकाचा चेहरा रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपला. त्या दुर्घटनेचे नाव काढले की आजही तो चेहरा समोर येतो. त्या बालकाचे नाव जगाला ठाऊक नाही.

ही उदाहरणे देताना मला स्वतःचीच धास्ती वाटते. थोरांची नावे घेतली की आपला लहानसा दोष इतिहासाच्या गर्दीत मिसळून जातो. लँगच्या छायाचित्रानंतर त्या तळावर सरकारी अन्न पोहोचले. भोपाळचे ते बालक पुढे न्यायाच्या लढ्याचा चेहरा झाले. तिथे निदान वाद घालता येतो की एकाच्या नावाची किंमत मोजून अनेकांचे भले झाले. माझ्या छायाचित्राने काय झाले? पानाला एक चांगले चित्र मिळाले. गावभागात पाकिटे त्याआधीही येत होती आणि नंतरही आली.

मी वरिष्ठांना विचारले की एवढ्या वर्षांनी एखादी दुरुस्ती छापता येईल का. "कुणाला आठवणार आहे आता?" असे उत्तर मिळाले, आणि व्यवहारी दृष्टीने ते बरोबरच होते. बाईंनाही विचारले. त्यांनी हात जोडले. "परत पेपरात नको." म्हणून मास्तरांचे नाव मी येथेही लिहिलेले नाही. नाव न विचारण्याचा अपराध सांगणाऱ्या लेखात नाव नसावे, हे विचित्र आहे खरे. पण या वेळी ते मला ठाऊक आहे, आणि न लिहिण्याचा निर्णय माझा नाही.

*

त्यानंतरच्या पावसाळ्यात नदी चढू लागल्यावर मला नेहमीप्रमाणे काठावरच्या गावांत पाठवले. वस्तीतली माणसे जनावरांसह उंचावर निघाली होती. मी वही काढली, उभ्या रेघा मारल्या आणि सत्कारसमारंभात विचारतो तसे प्रत्येकाला नाव विचारू लागलो. गंमत अशी की त्यामुळे माझे काम मंदावले. नाव सांगणारा माणूस नावापाशी थांबत नाही. तो घर दाखवतो, २००५ ची आणि २०१९ ची ओल भिंतीवर कुठवर होती ते सांगतो, मुलगा कुठे कामाला आहे ते सांगतो. नाव सांगून झाल्यावर तो केविलवाणा उभा राहत नाही. माझ्या ओळखीचे पुराचे छायाचित्र त्या दिवशी मला मिळेना.

एका म्हाताऱ्या बाईंनी नाव सांगायला साफ नकार दिला. "माझं नाव कशाला पायजे? म्हशीचं लिवा. तिचं नाव चंद्री." मी लिहून घेतले. त्या दिवशी पाठवलेल्या फोटोओळीत तीन माणसांची नावे होती, एका ठिकाणी 'नाव सांगू इच्छित नाहीत' असे होते, आणि चंद्री होती. जागा कमी पडली म्हणून दुसऱ्या दिवशी छापून आले ते एवढेच : 'सुरक्षित स्थळी निघालेले ग्रामस्थ.' त्या दिवशी सकाळी सात वाजता फोन मी केला, डेस्कला. पलीकडच्या तरुण उपसंपादकाला माझा मुद्दा पटला की नाही ठाऊक नाही. पुढच्या वेळी बघतो, म्हणाला.

मास्तरांची दोन्ही छायाचित्रे मी स्वतः छापून घेतली. बाई ती न्यायला आल्या तेव्हा पाचव्या छायाचित्राच्या पाठीवर काही लिहून द्याल का, असे त्यांनी विचारले. मी पेन घेतले, आणि पाव शतकाच्या सवयीने हाताने आधी 'डावीकडून दुसरे' असे लिहिले. मग मास्तरांचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्यापुढे 'गच्चीवर पाकीट पोचवताना, गावभाग, सांगली, ऑगस्ट २०१९.' बाईंनी ते वाचले. मग म्हणाल्या, "बाकीच्या चौघांची पण लिहा, काका. मी सांगते."

त्यांनी सांगितली, मी लिहिली. सहावे नाव गच्चीवरच्या हाताचे होते.